पाच लाखांची भेट

ताई,
देवगड-मालवण सागरी मार्गालगत आमचं गाव. डोंबिवलीची नोकरी सोडून 2020 मध्ये घरी आलो आणि वडिलांच्या घरात चार खोल्यांचं होमस्टे सुरू केलं. मागच्या माडांच्या वाडीत आणखी चार खोल्या काढायच्या म्हणून कर्ज मंजूर करून घेतलं, थोडी रक्कम उचललीही. पण परवानगीची फाईल चौदा महिने हललेली नाही. विचारायला गेलो की "सीआरझेडचं आहे, वरून यायचंय" एवढंच सांगतात; सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. आता निवडणुकीचं वारं सुटलंय. आमदारसाहेबांचा एक माणूस, नात्यानं माझा चुलतभाऊच, परवा घरी आला. म्हणाला, "साहेबांका भेटूचा तर रिकाम्या हातान जातलंस?" तीन लाखांचा चेक पक्षाच्या नावानं, त्याची रीतसर पावती, करात सूट. दोन लाख वेगळे, रोख. आणि प्रचाराच्या आठवड्यात कार्यकर्त्यांसाठी दोन खोल्या. मग साहेब स्वतः फोन करतील. मेव्हणा म्हणतो, "देवन टाक आणि मोकळो हो, सगळेच दितत." बायको दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. ताई, चेकनं दिले तर कायदेशीरच ना? आणि नाही म्हटलं तर या गावात पुढे धंदा कसा करू?
— माडांच्या वाडीतला वाचक

भाऊ,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. चेकनं दिले तरी नाही.

तुम्ही सगळा हिशेब मांडलात आणि पुढे लिहिलंत, "मग साहेब स्वतः फोन करतील." त्या "मग"मध्ये सगळं आलं. पैसे चेकनं गेले की पिशवीतून गेले, हे नंतरचं. ते कशासाठी दिले, हे आधी बघितलं जातं. सरकारी कामात वजन पडावं म्हणून दिलेले पैसे पक्षाच्या खात्यात जमा झाले म्हणून त्यांची देणगी होत नाही. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली आणि लाच देणाऱ्यासाठी स्वतंत्र, स्पष्ट कलम आलं. शिक्षा 7 वर्षांपर्यंत. मध्यस्थासाठीही कलम आहे, 7 अ. आपल्या वजनावर सरकारी माणसाकडून काम करून देतो म्हणून पैसे घेणं हाच गुन्हा. म्हणजे तुमचा चुलतभाऊ, ज्याला मनापासून वाटत असेल की आपण भावाचं काम करून देतोय, तो सगळ्यात आधी अडकतो. साहेबांनी कधी काही मागितलेलं नसतं. मागतो तो मधला, आणि सापडतोही तोच.

एक सवलत कायद्यात आहे, ती माहीत असू द्या. कुणाला पैसे देणं भागच पाडलं गेलं आणि त्यानं दिल्यापासून 7 दिवसांच्या आत तपास यंत्रणेकडे तक्रार केली, तर तो गुन्हेगार ठरत नाही. तुम्ही अजून काही दिलेलं नाही, त्यामुळे तुमच्यावर ती वेळ नाही. मागणी पुन्हा आली, धमकीच्या सुरात आली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर आहे. भावकीतल्या माणसाविरुद्ध तो फिरवणं किती जड जाईल हे मला कळतं. म्हणूनच ती पाळी येण्याआधी काय करायचं, ते पुढे सांगते.

पण राजकीय देणगी देणं वाईट असतं असा अर्थ काढू नका. पक्ष चालायला पैसा लागतो आणि तो सामान्य माणसांनी द्यावा, थोडा थोडा द्यावा, असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः दिलेले आहेत. व्यक्तीनं नोंदणीकृत पक्षाला चेकनं किंवा ऑनलाइन दिलेली रक्कम, 80 जीजीसी म्हणून आपण जे कलम ओळखतो त्याखाली, जुन्या कररचनेत उत्पन्नातून पूर्ण वजा होते. रोख दिली तर वजावट नाही. 2017 पासून पक्षालाही एका माणसाकडून 2,000 रुपयांवर रोख घेता येत नाही, घेतली तर त्याची करमाफी धोक्यात येते. 20,000 रुपयांच्या वर देणाऱ्याचं नाव पक्षानं निवडणूक आयोगाला कळवायचं असतं. म्हणजे तुमचे तीन लाख खरोखरच पक्षाच्या खात्यात गेले तर तुमचं नाव यादीत येईल आणि ती यादी कुणीही बघू शकेल. तुमची फाईल त्याच सुमारास मंजूर झाली असेल तर दोन तारखा शेजारी शेजारी ठेवायला वेळ लागत नाही.

आता स्वतःलाच विचारा. फाईल नसती तर या पक्षाला तुम्ही तीन लाख दिले असते का? तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात पक्षाचं नाव नाही, त्याच्या कामाबद्दल एक अक्षर नाही, साहेबांनी गावासाठी काही केलं असेल तर तेही नाही. आपल्या मराठीत "भेट" म्हणजे भेटणं आणि "भेट" म्हणजे नजराणाही. तुमच्याकडे पाच लाख मागितले आहेत ते दोन्ही अर्थांनी.

तीन चेकनं आणि दोन रोख, असे तुकडे का पाडतात हेही समजून घ्या. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे 40 लाखांपर्यंतच खर्च करता येतो. त्यासाठी वेगळं बँक खातं उघडायचं, निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यायचा. पक्षानं पक्ष म्हणून किती खर्च करावा, याला मात्र मर्यादाच नाही. त्यामुळे चेकचा पैसा पक्षाच्या वहीत सुखानं बसतो आणि उमेदवाराचा वहीबाहेरचा खर्च, म्हणजे गाड्या, जेवणावळी, रात्रीची वाटपं, हा रोखीतून भागतो. तुमचे दोन लाख कुठल्याच वहीत दिसणार नाहीत. ते साहेबांपर्यंत पोचले की वाटेत थांबले, हे तुम्हाला आयुष्यात कळणार नाही. त्यांची पावती मागता येत नाही, काम झालं नाही तर परतही मागता येत नाहीत.

"सगळं बँकेतून जातंय म्हणजे स्वच्छ" हा समज या देशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून बघितला गेला. निवडणूक रोख्यांची, म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायच्या रोख्यांची, योजना 2017 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि 2018 पासून स्टेट बँकेतून रोखे विकले जाऊ लागले, हजार रुपयांपासून कोटीपर्यंतचे. पैसा बँकेतून जाईल आणि देणाऱ्याचं नाव गुप्त राहील, असं तिचं स्वरूप. मी 31 वर्षं बँकेत काढली. माझ्या पिढीच्या बँकवाल्यांना हे पचणं कठीण होतं, कारण साध्या बचत खात्यासाठी आम्ही माणसाकडून चार कागद घेत आलो. साडेसोळा हजार कोटींच्या आसपास रोखे विकले गेले. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ती योजना घटनाबाह्य ठरवली. कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची जी मर्यादा 2017 मध्ये उठवली होती, ती उठवणंही रद्द केलं. निकालातला एक विचार तुमच्या कामाचा आहे: जो मोठी रक्कम देतो त्याला सत्तेच्या टेबलाशी जागा मिळते, आणि टेबलाशी जागा मिळालेल्याचं म्हणणं पुढे धोरणात उतरतं. मत देणाऱ्याला हे कळायलाच हवं. स्टेट बँकेनं तपशील द्यायला 30 जूनपर्यंत मुदत मागितली, न्यायालयानं ती दिली नाही, आणि 14 मार्चला याद्या आयोगाच्या संकेतस्थळावर आल्या. ज्यांना नाव कधीच बाहेर येणार नाही असं सांगितलं होतं, त्यांची नावं गावोगावच्या मोबाइलवर फिरली. त्यांच्यामागे तर संसदेनं केलेला कायदा उभा होता. तुमच्यामागे चुलतभावाचा शब्द आहे.

हे शहाणपण नवीन नाही. 1957 साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ घटनेत, बदल करून पक्षांना पैसे देण्याची मुभा हवी होती. मामला मुंबई उच्च न्यायालयात आला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांना कायद्यानं तो अडवता आला नाही, पण अशा पैशानं लोकशाहीचे झरेच दूषित होतील असा इशारा त्यांनी देऊन ठेवला आणि संसदेनं यात लक्ष घालावं असं म्हटलं. मधल्या काळात कंपन्यांच्या देणग्यांवर 1969 मध्ये बंदी आली, 1985 मध्ये ती उठली. झरा काही निवळला नाही.

पण कायदा आणि न्यायालयं यांच्यापेक्षा मला तुम्हाला एका खातेदाराची गोष्ट सांगायची आहे. कायदा मोडण्याची भीती माणसाला दोन दिवस पुरते, ही गोष्ट मला वीस वर्षं पुरली आहे.

राजापूरकडच्या एका शाखेत असताना एक चिरेखाणवाले आमच्याकडे यायचे. मेहनती माणूस. पहाटे पाचला खाणीवर, संध्याकाळी अंगावर तांबडी धूळ घेऊन बँकेत. त्यांचा परवाना नूतनीकरणाला गेला होता आणि अडला होता. कुणीतरी सांगितलं, अमुक साहेबांना निवडणुकीसाठी 50 हजार द्या. त्यांनी दिले. चार दिवसांत परवाना आला. ते पेढे घेऊन शाखेत आले, मलाही दिला, मी खाल्लाही. त्या दिवशी मला वाटलं, चला, माणसाचं काम झालं.

पुढच्या वर्षी निवडणूक नव्हती. तरी त्यांच्या खात्यातून 25 हजार निघाले, क्रिकेटच्या स्पर्धेला. मग दहीहंडी. मग साहेबांच्या वाढदिवसाचे बॅनर. मग मेळाव्याला सहा ट्रक माणसं न्यायची, डिझेल यांचं. रक्कम कधी त्यांनी ठरवली नाही, प्रत्येक वेळी फोनवर कळायची. एकदा त्यांनी हात आखडता घेतला, तर त्याच आठवड्यात खाणीवर मोजणीला माणसं आली आणि जादा उत्खनन काढून दंडाची नोटीस लागली. दंड कमी करायला पुन्हा साहेब. मग शेजारच्या गावातल्या दुसऱ्या खाणवाल्यानं यांच्या दुप्पट दिले, आणि त्या वर्षी साहेबांचा फोन त्याच्यासाठी गेला. पुढे सत्ता बदलली. हे नव्या साहेबांकडे गेले तेव्हा दारातच उत्तर मिळालं, "तुम्ही तर त्यांचे ना?" तोवर त्यांचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी उचल घेण्याचं खातं, अनियमित झालं होतं आणि वसुलीची नोटीस माझ्या सहीनं गेली.

ती नोटीस तयार करताना मी त्यांची जुनी फाईल उघडली. पहिल्या परवान्याच्या वेळचे कागद त्यात होते. सातबारा, स्वामित्वधनाच्या पावत्या, ग्रामपंचायतीचा ठराव, सगळं पुरं. एकही कागद कमी नव्हता. तो परवाना त्यांचाच होता. त्यांनी 50 हजार देऊन स्वतःचीच वस्तू विकत घेतली होती, आणि विकणाऱ्याला कळलं होतं की हा माणूस स्वतःच्या वस्तूचेही पैसे देतो.

म्हणून भाऊ, पैशाचा विचार करण्याआधी एक गोष्ट शोधून काढा. तुमची फाईल अडली आहे, की अडवली आहे?

चौदा महिन्यांत तुम्हाला एकही लेखी उत्तर मिळालेलं दिसत नाही. मागितलंत का? सीआरझेडची 2019 ची अधिसूचना बघा. किनाऱ्यावरच्या स्थानिकांना राहत्या घरात होमस्टे चालवायला तिच्यात मुभा आहे, पण घराचा जोत्याचा विस्तार, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. तुमच्या जुन्या चार खोल्या यात बसतात. मागच्या वाडीतल्या नव्या चार खोल्यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण ते नवं बांधकाम. आपल्याकडच्या विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र धरला जातो. तुमची वाडी त्याच्या आत येते की बाहेर? गट नंबर किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशावर बसवून बघितलात का? अधिकृत संस्थेकडून नकाशा करून घ्यायला खर्च येतो, पण तो पाच लाखांच्या जवळपासही जात नाही, आणि तो कागद आयुष्यभर तुमचा.

वाडी 200 मीटरच्या आत निघाली, तर साहेबांच्या फोननं भरतीरेषा सरकणार नाही. फार तर बांधकामाकडे काही वर्षं कुणी बघणार नाही. ज्या दिवशी कुणीतरी तक्रार करेल, किंवा हरित लवादापुढे कुणी उभं राहील, त्या दिवशी पाडण्याचा खर्चही तुमच्याच माथी येईल. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदीचा बंगला आठवत असेल. मार्च 2019 मध्ये तो सुरुंग लावून पाडला. त्याच्याकडे पैशाची काय कमतरता होती?

आणि वाडी पट्ट्याबाहेर निघाली, कागद पुरे निघाले, तर फाईल अडवली आहे. मग ती सोडवायचे रस्ते आहेत. ते लांबचे आहेत, कंटाळवाणे आहेत, हे मी आधीच सांगते.

पहिलं काम माहिती अधिकाराचा अर्ज. 10 रुपयांचं शुल्क, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात "फाईल का अडली" असं विचारू नका, त्याला "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. माझी फाईल कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर आली, तिथून कोणत्या तारखेला पुढे गेली, आज कुणाकडे आहे, आणि आजवरच्या सगळ्या टिपण्यांच्या प्रती द्या, असं विचारा. टिपण्यांच्या प्रती मागितल्या जात आहेत हे कळताच कित्येक फायली आपोआप चालू लागतात, हे मी अनेकांच्या बाबतीत बघितलं आहे. त्याच्याच जोडीला दप्तर दिरंगाईचा कायदा, माहिती अधिकारासारखा तोही 2005 चाच. एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर साधारणपणे 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त फाईल राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर 45 दिवसांत आणि पाठवायची असेल तर 3 महिन्यांत निर्णय व्हावा, असं तो सांगतो. तुमचे चौदा महिने झालेत. या कायद्याचा उल्लेख करून कार्यालय प्रमुखांना पत्र द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तुमच्या कामातला एखादा दाखला लोकसेवा हक्काच्या 2015 च्या कायद्याच्या यादीत असेल तर तो आपले सरकार पोर्टलवरून मागा, तिथे दिवस ठरलेले असतात आणि उशीर झाला की अपील करता येतं. एवढ्यानंही हललं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ओरोसला जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन असतो.

आता साहेबांना भेटण्याचं. भेटा, जरूर भेटा. लोकप्रतिनिधीकडे आपलं म्हणणं घेऊन जाणं हा तुमचा हक्कच आहे. तुमचा भाग पूर्वी राजापूर लोकसभा मतदारसंघात होता. 1957 पासून तीनदा बॅरिस्टर नाथ पै, आणि 1971 पासून सलग पाच वेळा प्राध्यापक मधु दंडवते तिथून निवडून गेले. दंडवते रेल्वेमंत्री झाले, अर्थमंत्री झाले. गावात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल त्यांना विचारा, त्यांना भेटायला काय न्यावं लागायचं.

देवळात गाऱ्हाणं घालायला आपण काय नेतो? एक नारळ. बागायतदाराचाही एक आणि त्याच्या बागेत रोजावर येणाऱ्या गड्याचाही एक. पाच नारळ आणले म्हणून गुरव आधी हाक मारत नाही. आपल्या आज्यापणज्यांनी देवाच्या दारात जी रीत ठेवली, ती आपण निवडून दिलेल्या माणसाच्या दारात का मोडायची, हे मला खरोखर समजत नाही.

एकटे मात्र जाऊ नका. तुमच्या किनाऱ्यावर होमस्टेवाले आणखी असणार, त्यांच्याही फायली कुठे ना कुठे पडलेल्या असणार. त्यातही अनेकांकडे असाच कुणी चुलतभाऊ जाऊन आला असेल आणि प्रत्येकाला वाटत असेल, आपल्यालाच विचारलंय. पाच-सहाजण मिळून एक निवेदन लिहा: अमुक गट नंबर, अमुक तारखेचा अर्ज, आजपर्यंत उत्तर नाही, आपण कार्यालयाला लेखी विचारणा करावी. तेच निवेदन विरोधी पक्षाच्या माणसालाही द्या, खासदारांनाही द्या. सहा घरांची मतं समोर उभी असली की पाकिटाची गोष्ट काढणं कुणालाही अवघड जातं.

सगळ्यात कठीण काम आहे चुलतभावाला नाही म्हणणं, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मला दिसतंय. शिमग्याला पालखी तुमच्या अंगणात येईल तेव्हा तो तुमच्याच खांद्याला खांदा लावून उभा असेल. म्हणून फोनवर नाही म्हणू नका, आणि तिसऱ्याच्या तोंडी निरोप तर मुळीच पाठवू नका. त्याला घरी बोलवा, चहा ठेवा, बायको शेजारी असू दे. साहेबांबद्दल वाईट शब्द काढू नका, त्याच्यावर आरोप करू नका. एवढंच सांगा: "फाईल निकाली होयसर मी खयच्याच पक्षाक एक रुपयो देवचंय नाय." कुठल्याच पक्षाला, हे नीट ऐकू जाऊ दे, म्हणजे तुम्ही दुसऱ्या बाजूला गेलात अशी आवई उठणार नाही. काम झाल्यावर ज्याचं काम पटेल त्याला ऐपतीप्रमाणे देईन, चेकनं देईन, हेही सांगा, खरं असेल तरच. आणि शेवटी 7 अ कलम त्याला समजावून सांगा. धमकी म्हणून नव्हे, भाऊ म्हणून. त्याच्या घरीही मुलं असतील.

खोल्यांचं सोपं आहे. कार्यकर्ते आले तर इतर पाहुण्यांसारखे आले. ओळखपत्र घ्या, रजिस्टरात नोंद करा, नेहमीच्या दरानं बिल करा आणि ते उमेदवाराच्या नावानं फाडा. फुकट दिलेल्या खोल्यांचीही किंमत खरं तर उमेदवाराच्या खर्चात दाखवावी लागते, त्यामुळे बिल मागणं त्यांच्याही सोयीचं आहे, असं म्हणा. बिल द्यायचं नसेल तर त्या आठवड्यात खोल्या आधीच बुक आहेत. आणि त्या खरोखरच बुक होतील असं बघा, तुमच्याकडे डोंबिवलीतली ओळखीची माणसं पुष्कळ असतील.

तुम्हाला त्रास होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. कदाचित कुणी तपासणीला येईल. म्हणून या महिन्यात घर नीट करून ठेवा: पर्यटन विभागाकडची नोंदणी, अन्न परवाना, पाहुण्यांचं रजिस्टर, वीजबिलाचा प्रकार, घरपट्टी. जिथे कागद कमी असेल तिथे स्वतःहून जाऊन भरा.

आणि कर्ज. हप्ता तीन महिने, म्हणजे 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, त्यानंतर बँकेचे हात बांधलेले असतात. त्याआधी जा. परवानगी आलेली नाही, बांधकाम सुरू नाही, उरलेली रक्कम उचलत नाही, हप्त्यांची मांडणी बदलून द्या, असा अर्ज करा. माझ्याकडे असा अर्ज घेऊन वेळेत आलेल्या माणसाला मी रिकामं पाठवल्याचं आठवत नाही. पाच लाख कुठून आणणार होतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला भीती आहे की ते याच उचललेल्या रकमेतून जाणार होते. बांधकामाच्या कर्जाचा पैसा दुसरीकडे वळवला तर बँक सगळं कर्ज एकरकमी परत मागू शकते.

तुमच्या पत्नी दोन दिवस बोललेल्या नाहीत असं तुम्ही लिहिलंत, का ते लिहिलं नाहीत. हे उत्तर आधी त्यांना वाचायला द्या आणि माहिती अधिकाराचा अर्ज दोघं मिळून बसून लिहा. अर्जाची पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पहिलं अपील 30 दिवसांच्या आत करायचं असतं, ते मी तुम्हाला लिहून देईन.